अर्धा पाव जवसाचं तेल

रायफलच्या नळीत उकळतं पाणी ओततात, हे मी सुट्टीत गावी सांगितलं तेव्हा वडिलांचा घास हातातच राहिला. सिंदेवाहीकडचे धानाचे शेतकरी. लोखंड म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर नांगराचा फाळ. ओला फाळ बांधावर टाकला तर सकाळी तांबूस होतो, हे कळायला त्यांना पोलिसात भरती व्हायची गरज नव्हती. "सरकारची बंदूक सडवाले ठेवलं का तुले?" असं म्हणाले. मी काय सांगणार? उस्ताद सांगतात म्हणून मीही ओतत होतो.

हे १९८१ चं. चंद्रपूर जिल्हा पोलिसांत मी नवा शिपाई होतो. गडचिरोली अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता. मुख्यालयाच्या शस्त्रागारात हाताखाली पोरगा हवा होता, म्हणून मला तिकडे धाडलं. तिथले आर्मोरर हवालदार म्हणजे आमचे उस्ताद. त्यांना नावानं हाक मारलेली मी फक्त पगारवाटपाच्या दिवशी ऐकली, तेव्हा इथेही उस्तादच म्हणतो. पोलिसात यायच्या आधी ते महार रेजिमेंटमध्ये होते. ती तेव्हा मशीनगनची रेजिमेंट होती आणि उस्तादांची गन व्हिकर्स. नळीभोवती जॅकेट, जॅकेटात चारेक लिटर पाणी, काडतूस तेच, .३०३ चं. गोळ्या सुटायला लागल्या की थोड्या वेळात ते पाणी उकळायला लागायचं. उमेदीची वर्षं असल्या बंदुकीपाशी काढलेल्या माणसाला पाण्याची धास्ती कुठून असणार!

फायरिंगच्या दिवशी संध्याकाळी शस्त्रागाराच्या मागे तीन विटांची चूल पेटायची. पाणी खळखळेपर्यंत उस्ताद कोणाला किटलीला हात लावू देत नसत. कोमट पाणी ओतण्यापेक्षा न ओतलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. आधी रायफल रिकामी आहे ना हे बघायचं. डोळ्यांनी बघून त्यांचं भागत नसे, करंगळी चेंबरात घालायला लावत. मग बोल्ट काढायचा, रायफल तोंड खाली करून धरायची, चेंबरमध्ये लांब चोचीचं नरसाळं बसवायचं आणि धार न तोडता पाणी सोडायचं. पहिलं पाणी करडं, राखुंडी कालवल्यासारखं. मग निवळ. तोवर नळी इतकी तापलेली असते की धरवत नाही. तिथेच सगळी मेख आहे. तापलेल्या नळीत पाणी टिकत नाही, आतल्या आत वाळून जातं.

मग पुलथ्रू. दोरीच्या टोकाचं पितळी वजन चेंबरकडून आत सोडायचं, नळीच्या तोंडातून बाहेर आलं की दोरी हाताला गुंडाळून एका दमात ओढायची. मध्ये थांबायचं नाही. आणि दोरी सरळ रेषेत ओढायची, नळीच्या कडेला घासली तर तिथे खाच पडते आणि रायफल कायमची वाकडं मारायला लागते. फासात कोरडी चिंधी, चार बाय दोन इंचाची. ती स्वच्छ निघेपर्यंत दुसरी, तिसरी. शेवटी तेलाची चिंधी, ती मात्र अरुंद, चार बाय दीड. रुंद असली तर लावलेलं तेल स्वतःच पुसून नेते. मोठी माणसंसुद्धा हे अर्ध्या इंचाचं गणित हसण्यावारी न्यायची. उस्ताद पट्टी घेऊन चिंध्या कापायचे. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या चिंध्या मोजायचे. एकदा हिशेबात एक चिंधी कमी भरली, तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या परेडला जाणाऱ्या सगळ्या रायफली अडवून धरल्या. नळीत राहिलेली चिंधी आणि वरून सुटलेली गोळी यांचं पुढे काय होतं, हे त्यांनी पलटणीत पाहिलं होतं. त्याबद्दल ते बोलत नसत. चिंधी सापडली, एका शिपायाच्या दस्त्याच्या खणात, तेलबाटलीशेजारी कोंबलेली.

पाण्याचं कोडं त्यांनी मला शस्त्रागारात नाही, त्यांच्या घरी सोडवून दाखवलं. इरईच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या दोन वाट्या घेतल्या. एकीत शिलाई मशीनचं तेल, दुसरीत पाणी. दोन्हींत चिमूट चिमूट मीठ टाकलं आणि माझ्या हातात काडी दिली. "फिरव." पाण्यातलं मीठ दिसेनासं झालं. तेलातलं तळाशी तसंच, मी फिरवून फिरवून हात दुखवून घेतला तरी.

"आता सांग, गोळी मारल्यावर नळीत काय रायते?"

काजळी राहते, एवढंच मला माहीत होतं. काजळी दिसते म्हणून माणूस तिच्या मागे लागतो, ते म्हणाले. खाणारा दिसत नाही. खडकीच्या कारखान्यातून येणाऱ्या त्या वेळच्या .३०३ काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. टोपी फुटली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे आपल्या मिठाचाच सख्खा भाऊ. ते नळीतल्या खाचांत बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. चांद्याच्या मे महिन्यात त्याचं फारसं काही बिघडत नाही. मिरगाची पहिली सर आली की मात्र तीच नळी आतून लाल व्हायला लागते. वरून कितीही भारी तेल चोपडा, तेलात मीठ विरघळत नाही, ते तेलाखाली निवांत बसून आपलं काम करतं. "तेल म्हंजे पांघरून, पोरा. आंग न पुसता पांघरून घेतलं त कुजन."

उस्ताद सातवी शिकलेले. क्लोरेट हा शब्द त्यांना पलटणीतल्या कुठल्याशा इंग्रजी पत्रकातून मिळाला होता आणि त्यांनी तो वहीत देवनागरीत उतरवून ठेवला होता. पुढे मी वाचलं की १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आणि अमेरिकेत बिनगंजाच्या टोप्या बाजारात आल्या होत्या. आपल्याकडे .३०३ सोबत जुनी टोपी कितीतरी वर्षं चालत राहिली, आणि .३०३ तर पोलिसांकडे २००८ च्या नोव्हेंबरातही होतीच, मुंबईवर हल्ला झाला तेव्हा सीएसटी स्टेशनावरच्या पोलिसांच्या हातात अवघ्या देशानं पाहिली. तेव्हा उस्तादांची किटली जुनाट होती, असं मला वाटत नाही.

काकूंचं देणं मोजायला बसलो तर उस्तादांच्या देण्यापेक्षा कमी भरणार नाही. सरकारी फ्लॅनलेट वेळेवर यायचंच असं नाही. पावसाळ्यात, जेव्हा सगळ्यात जास्त लागे, तेव्हा तर हमखास संपलेलं. मग उस्ताद घरून काकूंचं जुनं सुती लुगडं आणायचे. वर्षानुवर्षं धुवून खळ गेलेलं, तलम, पाणी आणि तेल दोन्ही पिणारं. टेरिकॉट आणलं तर परत पाठवायचे. ते सुतासारखं पाणी पीत नाही. चंद्रपुरातल्या कितीतरी .३०३ च्या नळ्या त्या बाईच्या लुगड्यांनी पुसल्या आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली त्या गर्दीत काकू होत्या, उस्ताद तेव्हा पलटणीत. त्या दिवशीचं पांढरं लुगडं तेवढं त्यांनी पेटीत कुलपात ठेवलं होतं. "बाकी सारे सरकारी झाले माहे लुगडे," म्हणायच्या, "पेन्शन लागू होते का पाय त्याईले."

जवसाचं तेलही त्यांचंच जायचं. आमच्या भागात जवस घरोघरी, भाजीलाही तेच आणि चटणीलाही. रायफलचा लाकडी दस्ता शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात वाळून फटी धरतो आणि पावसात फुगतो; फुगलेलं लाकूड नळीला टेकलं की नेम सरकतो. म्हणून उन्हाळा सुरू व्हायच्या आधी प्रत्येक दस्त्याला जवस. कोमट करायचं, तळहातावर घ्यायचं आणि हात गरम होईपर्यंत चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पुसायचं. जवस हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, त्याचा पापुद्रा होतो. चित्रकार रंगात कालवतात तेही याच कारणानं. लाकडाला हे हवंच असतं. लोखंडाच्या फिरत्या भागात गेलं तर तोच पापुद्रा डिंकासारखा अडकतो. "जवस लाकडाले," उस्ताद दर वेळी बजावायचे, जणू आम्ही कढई घेऊनच उभे आहोत. काकू या तेलाचा हिशेब चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवायच्या. सरकारकडे किती निघतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. ऑगस्ट १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, माझी बदली तिकडे लागली, तेव्हा जाताना मी त्यांच्याकडून अर्धा पाव जवस बाटलीत घेऊन गेलो. गावचा जवस निघाला की आणून देतो म्हणालो. भिंतीवर माझ्या नावानं वेगळी रेघ पडली.

बदलीआधीच्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तेलांबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं तिथून आलं. उस्तादांनी एका लोहाराकडून पोलादाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून आणल्या, घासून चकचकीत केल्या आणि घराच्या वळचणीला तारेवर ओळीनं टांगल्या. प्रत्येकीला वेगळं तेल. सरकारी रायफल तेल, शिलाई मशीनचं, खोबरेल, एरंडेल, तीळ, जवस, मोहाचं टोळंबीचं, ट्रकचं नवं इंजिन ऑइल, ट्रकमधून काढलेलं जुनं, आणि एक रेशनच्या रॉकेलनं पुसून तशीच ठेवलेली. एक ग्रीसची. वर खिळ्यानं खुणा. शेजारचे लोक विचारायचे, हे कशाचं तोरण? काकू सांगायच्या, नवऱ्याच्या डोक्याचं.

रॉकेलची पट्टी सगळ्यांत आधी गेली. काही दिवसांतच तिच्यावर बारीक तांबडी पुळी उठली. रॉकेल मळ सोडवतं, जुनं चिकटलेलं तेल सोडवतं, पण जाताना अंगावरचा सगळा तेलकटपणाही घेऊन जातं आणि लोखंड उघडं पडतं. तेव्हा रॉकेल फक्त धुवायला, त्यावर लगेच तेल हवंच. पुढचा नंबर ट्रकमधल्या जुन्या तेलाचा, त्यात जळलेल्या इंधनाचं आम्ल असतं. शिलाईचं तेल पातळ, ते पट्टीवरून ओघळून खाली जमलं. वरची कड लाल, खालची कोरी. म्हणजे तेल उत्तम, पण चार दिवसांनी पुन्हा हात फिरवायला हवा. खोबरेल उतू गेलेल्या भज्याच्या कढईसारखं वास मारायला लागलं. तीळ, टोळंबी आणि एरंडेल चिकट झाले. एरंडेल मात्र मला आवडलं, धरून बसतं. पहिल्या महायुद्धातली फिरत्या इंजिनांची विमानं एरंडेलावरच उडायची, हे वाचल्यावर नवल वाटलं नाही. जवसाची पट्टी कडक सालीखाली बरीच शाबूत राहिली, पण ती साल नखानं निघेना. इंजिन ऑइल बरं टिकलं. ग्रीसची पट्टी पोळ्यापर्यंत आरशासारखी, आणि तिच्यावर अख्ख्या वस्तीतले डास, चिलटं आणि कोळशाची धूळ चिकटलेली. सरकारी तेल? मधल्यामध्ये. उस्तादांना त्याचं दुःख झालेलं दिसलं.

या तोरणातून त्यांनी काढलेली वाटणी पुढे माझ्याही अंगवळणी पडली. रोज हाताळायच्या हत्याराला पातळ तेल, इतकं कमी की बोट फिरवलं तर बोट ओलं व्हावं, टिपूस पडू नये. महिनोन्महिने पेटीत राहणाऱ्याला ग्रीस, आणि बाहेर काढताना ते रॉकेलनं पूर्ण उतरवायचं. उन्हाळ्यात तेल कमी, कारण कोळशाची भुकटी आणि धूळ तेलात बसली की ती आतले भाग झिजवते. पावसाळ्यात जास्त, आणि वरचेवर. काडतुसांच्या जवळ तेल नकोच. टोपीत झिरपलं की काडतूस मरतं. गोळी मारण्याआधी नळी आणि चेंबर कोरडे पुसायचे. कातडी म्यानात हत्यार ठेवायचं नाही, कातडं ओल धरून बसतं. बाजारातल्या डब्यावर काय छापलंय ते नंतर वाचायचं.

दसऱ्याचं मात्र त्यांच्या हातात काही नव्हतं. शस्त्रपूजनाला सगळ्या रायफली मांडून ठेवायच्या, साहेब येणार, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ फुटणार. उस्ताद पूजा करत नसत आणि कोणाला करू नका असंही म्हणत नसत. ते मागच्या रांगेत खांद्यावर चिंधी टाकून उभे. हळद-कुंकवात ओल, नारळाच्या पाण्यात क्षार, झेंडूच्या देठात रस. साहेबांची पाठ वळली की त्यांचा हात चालू. एका वर्षी त्यांनी गुरुजींना हळूच सांगितलं, टिळा दस्त्याला लावा, लाकडाला चालते. गुरुजींनी मानलं. अजूनही कुठे कुठे टिळा लाकडालाच लावलेला दिसतो, तो या दोघांच्या समझोत्याचा असेल तर मला आनंद आहे.

गडचिरोलीत आलो आणि पावसाचा वेगळाच अर्थ कळला. चंद्रपुरात पाऊस पडतो; इकडे तो मुक्कामाला येतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, पलीकडच्या ठाण्यांना आणि सशस्त्र दूरक्षेत्रांना जे काही लागायचं ते त्याआधीच पोचलेलं हवं. तांदूळ, डाळ, औषधं यांच्या यादीत मी तेल आणि चिंध्या घुसवायचो. कारकून वैतागायचा. एका दूरक्षेत्रावर तेल संपलं म्हणून पोरांनी डोक्याचं खोबरेल लावलं होतं. पावसाळाभर चाललं. डिसेंबरात पहाटे थंडी पडली आणि बोल्ट जड झाले. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, बाटलीत दिसतं तसंच ते बोल्टच्या फटीतही थिजतं. रागवायचं कोणाला? मी रॉकेल मागवलं, सगळं धुतलं आणि दोन दिवस तिथेच राहून उस्तादांच्या मीठ-वाट्यांचा प्रयोग त्यांना करून दाखवला.

१९९० साली तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी सी-६० हे नक्षलविरोधी पथक उभं केलं. स्थानिक पोरं, माडिया-गोंडी बोलणारी, रान तळहातासारखं ओळखणारी. हळूहळू हत्यारं बदलली. एसएलआर, मग एके, इन्सास. एसएलआरनं मला उस्तादांची आठवण फार करून दिली, कारण तिचा गॅसचा दट्ट्या कोरडा ठेवायचा असतो. प्रेमानं तेल लावणाऱ्या शिपायाला हे पटवणं म्हणजे कसरत. तिथं लावलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि दट्ट्या धरतो. एकेची नळी आतून क्रोमची, पोरं म्हणायची हिला काही होत नाही. जुन्या रशियन काडतुसांच्या टोपीतही तेच मीठ असतं हे सांगितल्यावर चुलीवर पाणी चढलं. नाला पार करून आलेली पोरं ओल्या रायफली घेऊन थकून झोपायची, तेव्हा मी रात्री एकेक घेऊन बसायचो. खरं तर ते माझं कामच होतं, पण त्यांच्या आयांना मी त्यांच्या जेवणाइतकंच या नळ्यांबद्दल सांगितलं असतं, अशी वेळ अनेकदा आली. जे परतले नाहीत त्यांच्या रायफलीही माझ्याकडे आल्या. त्याही धुतल्या.

मग फवाऱ्यांचे डबे आले. एका तरुण अधिकाऱ्यानं डब्ल्यूडी-४० आणला आणि म्हणाला, आता तुमची किटली बंद. तो डबा वाईट नाही. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका लहान कंपनीनं तो पाणी हटवण्यासाठी बनवला. चाळिसाव्या खटपटीत जमला म्हणून नावात चाळीस. ओल हटवण्याचं काम तो झकास करतो, म्हणून नाल्यातून आलेल्या रायफलीवर मी तो आनंदानं मारायचो. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, मागे राहणारा थर पातळ, आणि साठत गेला तर चिकट. त्यावर पुसून तेल लावावंच लागतं. दुसऱ्या एकानं परदेशातून हॉप्स नंबर नाइनची बाटली आणली, १९०३ पासून चालत आलेलं द्रावण, वास केळ्यांसारखा. तेही काजळीला आणि तांब्याच्या मळाला छान. मिठाचं काम मात्र पाण्याइतकं स्वस्तात कोणी करत नाही. जर्मनांचं बॅलिस्टॉल मला आवडलं. १९०४ चं, पाण्यात घातलं की दुधासारखं मिसळतं, म्हणजे मीठही धुतं आणि वाळल्यावर तेलही मागे ठेवतं. उस्तादांना ते दाखवायला हवं होतं. किंमत मात्र सांगितली नसती.

आणखी एका माणसाचं देणं आहे, ज्याच्याशी मी अर्धा तास बोललो असेन, तेही दुभाष्याकरवी. आतल्या गावांतून लोक भरमार बंदुका स्वखुशीनं जमा करायला लागले तेव्हाची गोष्ट. भरमार म्हणजे तोंडाकडून ठासायची, दारू, चिंधी, छर्रे, वरून गज. बहुतेक विनापरवाना, पारधीसाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. बहुतेकींची नळी गंजून गेलेली, तारेनं बांधलेली. एटापल्लीकडच्या एका म्हाताऱ्या माडिया बाबांनी आणलेली बंदूक मी उचलली आणि तिला वेगळाच वास आला. टोळंबीच्या तेलाचा. या बंदुकीची मागची बाजू बंद असते, अंगठ्याचं नख चेंबरशी धरून उजेडात नळी पाहायची सोय नसते. मी गजाला पांढरी चिंधी गुंडाळून तळापर्यंत घातली, फिरवली आणि काढली. पिवळसर तेलाचा डाग, बाकी काही नाही. गंजाचा कणसुद्धा नाही.

माडिया शिपायाला म्हटलं, विचार बाबांना, कशी ठेवली. बाबांनी सांगितलं ते असं. बार उडवला की त्याच रात्री राख घालून उकळलेलं पाणी आत, दोन-तीनदा, मग साधं गरम पाणी. मग चुलीवर आडव्या बांबूवर, वाळेपर्यंत. मग तेल, मोहाचंच. बाजारातून आणलेलं गाडीचं तेल एकदा लावून पाहिलं होतं, आत काळं डांबर झालं, गज अडकला.

मी ऐकत राहिलो. ठासणीच्या दारूत तीन चतुर्थांश सोरा. ती जळली की मागे पोटॅशियमचे क्षार राहतात, पाण्यात विरघळणारे, ओल ओढणारे. खनिज तेल त्या काजळीत मिसळलं की डांबरासारखा चिकटा होतो, बियांचं तेल किंवा चरबी तसं करत नाही. म्हणजे माझ्या कोठारातलं पक्कं सरकारी तेल मी या बंदुकीला दिलं असतं तर ती बिघडली असती. उस्तादांच्या तोरणावर टोळंबीची पट्टी चिकट झाली होती, म्हणून मी ते तेल इतकी वर्षं कमअस्सल समजत आलो होतो. प्रश्न कोणत्या दारूचा, कोणत्या हत्याराचा, हे उस्ताद सांगायचे. बाबांनी ते उदाहरणासकट दाखवलं. जमा करताना त्यांनी तेलाची बाटलीही पुढे केली. पंचनाम्यात बंदुकीसाठी रकाना होता, बाटलीसाठी नव्हता. बाबा म्हणाले, मग ही तुला. बंदूक नियमाप्रमाणे पुढे नष्ट झाली. बाटलीतलं तेल मी बरीच वर्षं वापरलं, घरच्या विळ्याला आणि कुऱ्हाडीला.

निवृत्तीनंतर पीक संरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी माझ्याकडे यायला लागले. एकनळी बारा बोर, रानडुकरांसाठी. यांचं दुखणं निराळं. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. २००४ साली उन्हाळ्यात लोकसभा आणि पावसाळा संपता संपता विधानसभा. मध्ये उचलून न्यायचं ज्यांचं राहिलं त्यांच्या बंदुका एका ठाण्याच्या खोलीत पावसाळाभर भिंतीला टेकून उभ्या होत्या, असं मला ते अजून सांगतात, आणि काहींच्या नळीत तेव्हाचे खड्डे अजून आहेत. खड्डे कोणतंच तेल भरून काढत नाही. मी एवढंच सांगतो: जमा करायच्या आधी धुवा, पुसा, आत ग्रीसचा हात द्या आणि सोबत चिठ्ठी बांधा, की परत घेताना नळी रिकामी पुसल्याशिवाय काडतूस घालायचं नाही. एक जण म्हणाला, फॅक्टरीचं तेल मिळवून द्या ना जी. भद्रावतीला आयुध निर्माणी आहे म्हणून इकडे अनेकांचा समज आहे की तिथं काहीतरी खास तेल असणार. तिथं दारूगोळा होतो, तेलाचा संबंध नाही. त्याला मी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली दाखवली. त्याचा हिरमोड झाला.

उस्ताद जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या भेटीत त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि नखांत काळं आहे म्हणून समाधानानं मान हलवली. उपकार हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "सरकारनं पगार देल्ला मले, तुह्यासाठी काय वेगळं केलं?" असं म्हणून विषय बदलायचे.

काकू मुलाकडे चंद्रपुरातच असतात. मागच्या उन्हाळ्यात गावच्या घाणीवरून दोन किलो जवसाचं तेल काढून मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. जुनं घर केव्हाच पाडलं, त्यासोबत कोळशाची भिंतही गेली. पण हिशेब त्यांच्या डोक्यात होता. डबा हातात घेऊन अंदाजानं तोलला.

"अर्धा पाव निघत होतं तुह्याकडं. हे बाकीचं काहून आणलं?"

"व्याज, काकू."

"येवढं व्याज त सावकारबी घेत नाही." डबा मात्र आत गेला. मग म्हणाल्या, आलाच आहेस तर माझी मशीन पाहा, ओढते आणि किरकिरते. पायाची जुनी मशीन. नातवानं तिच्यात खोबरेल सोडलं होतं. मी खाली बसलो, शटल काढलं, रॉकेलचा बोळा फिरवला. तपकिरी डिंक निघत राहिला. दातांतली लोकर सुईनं काढली, सगळं कोरडं पुसलं, आणि शिलाईच्या तेलाची चोच एकेका भोकाला टेकवायला लागलो. काकू खुर्चीत पुढे वाकून बघत होत्या, डोळ्याला चष्मा, हातात चिंधी.

"एकच थेंब," म्हणाल्या. "जास्त नोको. मंग सारा डाग कपड्याले लागते. आन आता आलाच हायस त तो पट्टाबी पाय, ढिला झाला."

पट्टा बदलावा लागणार होता. मी बाजारात निघालो.